चौतीस डब्यांची वही

जुलै २०२२ च्या पहिल्या सोमवारी मी नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या घरातून दुपारच्या जेवणाचे सहा डबे पाठवले. त्यांतले चार आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या मुलामुलींचे होते, एक आमच्याच गल्लीतल्या निवृत्त शिक्षकांचा होता आणि एक माटे चौकाजवळच्या बँकेत काम करणाऱ्या बाईंचा. आज रोज चौतीस डबे जातात. गेल्या वर्षभरात ओळखीच्या तीन-चार जणींनी विचारले की घरातून डबे सुरू करायचे तर सुरुवात कुठून करावी, आणि प्रत्येकीशी बोलताना भाजीच्या चवीपासून निघालेले बोलणे शेवटी माझ्या हिशेबाच्या वहीवर येऊन थांबले. स्वयंपाक त्या सगळ्यांना उत्तम येतो. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी, म्हणून आज ही वहीच उघडून लिहायला बसले आहे.

वही साधी, दोनशे पानी, किराणा दुकानात मिळते तशी लांबट आहे. डाव्या पानावर त्या दिवशी किती डबे गेले, कोणाचा खाडा होता, किती पोळ्या लाटल्या आणि किती उरल्या हे असते. उजव्या पानावर खर्च असतो. सगळ्यात खाली एक रकाना आहे, जो पहिल्या महिन्यात मी आखलाच नव्हता. त्या रकान्यात मी त्या दिवशी किती तास काम केले ते लिहिलेले असते.

पहिल्या महिन्यात मी एका डब्याचे साठ रुपये घेतले. चार पोळ्या, एक भाजी, वरण, भात आणि चटणी किंवा कोशिंबीर एवढे डब्यात असे. सव्वीस दिवसांचे १५६ डबे व्हायला हवे होते, अकरा खाडे झाले, म्हणजे १४५ डबे गेले आणि ८,७०० रुपये हाती आले. किराणा, भाजी, गॅस आणि पेट्रोल मिळून ६,४८० रुपये खर्च झाला. २,२२० रुपये उरले तेव्हा मला फार आनंद झाला, कारण ती माझी स्वतःची कमाई होती. महिनाअखेरीस सहज म्हणून मी तास मोजले. सकाळी सात ते साडेअकरा असे रोजचे साडेचार तास, सव्वीस दिवसांचे ११७ तास. भागाकार केला तर तासाला एकोणीस रुपये पडले. तो आकडा मी वहीत लाल पेनने लिहिला आणि तो आजही तसाच आहे.

हे मी सासूबाईंना दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, घरच्या चार माणसांचा स्वयंपाक होतोच ना, त्यातच सहा जणांचा जास्त टाकायचा. त्याला वेगळा भाव काय लावायचा?" त्यांच्या बोलण्यात जराही कडवटपणा नव्हता. त्यांनी चाळीस वर्षे या घराचा स्वयंपाक केला आणि त्याचे तास कोणीही कधी मोजले नाहीत, म्हणून त्यांना माझे मोजणे नवल वाटणे स्वाभाविक होते. मात्र घरगुती डब्याचे काम सुरू करून सहा महिन्यांत थकून बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि माझे स्पष्ट मत आहे की त्यांच्या डब्याचा दर ठरवताना त्यांच्या हातांचे काम फुकट धरलेले होते. तेल, डाळ, गॅस यांची बेरीज करून त्यावर थोडे चढवायचे आणि त्याला दर म्हणायचे, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करते. मीही केली.

ऑक्टोबरमध्ये मी दर ऐंशी रुपये केला. तोवर अकरा डबे झाले होते. दर वाढवायच्या आधी पंधरा दिवस मी प्रत्येकाला स्वतः फोन केला आणि वाढ का करते आहे ते सांगितले. त्यातले दोघे सोडून गेले. एकाने सांगितले की त्याच्या खोलीजवळ पासष्ट रुपयांत डबा मिळतो. मला वाईट वाटले, कारण तो पहिल्या सहांपैकी होता, पण मी दर खाली आणला नाही. उरलेल्या नऊ जणांच्या जिवावर काम चालू राहिले आणि दिवाळीनंतर त्यांनीच आणखी सहा जण आणून दिले.

आता खाड्यांविषयी. ज्याने कधी मेसचा डबा लावला आहे त्याला हा शब्द सांगायला नको. महिन्याचा डबा लावलेला माणूस ज्या दिवशी जेवणार नाही त्या दिवसाचा खाडा, आणि खाडे किती, कसे व कधी कापायचे यावरून जेवढी कुरबुर होते तेवढी भाजीच्या मिठावरूनही होत नाही. माझा नियम असा आहे की आदल्या दिवशी रात्री आठच्या आत कळवले तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे बिलातून कापले जातात, आणि सकाळी कळवले तर कापले जात नाहीत, कारण तोवर भाजी चिरून झालेली असते आणि कणीक भिजलेली असते. हा नियम मी सुरुवातीला तोंडी सांगत असे. त्यातून दोनदा वाद झाले. तेव्हापासून डबा लावतानाच तो लिहून पाठवते आणि समोरच्याकडून 'मान्य' असे उत्तर आल्याशिवाय पहिला डबा भरत नाही.

खाड्यांनाही ऋतू असतात हे मला वहीनेच शिकवले. श्रावणातल्या सोमवारी माझे सात-आठ डबे कमी होतात. नवरात्रात काहींना उपास असतो तर काहींना कांदा-लसूण चालत नाही. दिवाळीच्या आठवड्यात आयटी पार्कातली बाहेरगावची मुले घरी जातात, आणि महालक्ष्म्यांचे तीन दिवस मीच सुट्टी घेते, कारण आमच्याकडे त्या बसतात आणि त्या दिवसांत माझे स्वयंपाकघर देवाचे असते. वर्षाचे बारा महिने सारखे धरून हिशेब केला तर तो फसतो. मी वर्षाला २९० दिवस धरते.

पोळीबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण दुपारचा डबा पोळीवर उभा असतो. भाजी एखाद्या दिवशी थोडी इकडेतिकडे झाली तर लोक समजून घेतात. दुपारी एक वाजता डबा उघडल्यावर पोळी वातड निघाली तर कोणीही समजून घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. एक किलो कणकेत माझ्या हातच्या तीस ते बत्तीस पोळ्या होतात. चौतीस डब्यांच्या १३६ पोळ्या म्हणजे रोजची साडेचार किलो कणीक. सोळा डब्यांपर्यंत मी एकटीने लाटल्या आणि भाजल्या. सतराव्या डब्याला माझा उजवा खांदा धरला, आणि मग जयताळ्याहून एक ताई पोळ्यांसाठी यायला लागल्या. पोळीमागे अडीच रुपये असा आमचा ठराव आहे.

त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितले, "वहिनी, कणीक मी यायच्या अर्धा तास आधी भिजवून ठेवत जा. ताज्या भिजवलेल्या कणकेवर माझा हात चालत नाही." मी तोवर कणीक भिजवून लगेच लाटायला बसत असे आणि पोळी कडेला कडक होते म्हणून गव्हाला दोष देत असे. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. कणीक कोमट पाण्यात, चमचाभर तेल आणि मीठ घालून, हाताला किंचित चिकटेल इतकी सैल भिजवायची आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची. गोळ्याची छोटी पारी लाटून तिला तेलाचे बोट लावायचे, वर चिमूटभर पीठ भुरभुरायचे, दुमडून पुन्हा दुमडायची, आणि मग लाटताना मध्यावर जोर न देता कडेने लाटणे फिरवायचे, म्हणजे पोळी आपोआप गोल फिरत राहते. तवा पूर्ण तापलेला हवा. भाजलेली पोळी सरळ डब्यात किंवा डब्यासारख्या बंद भांड्यात गेली की तिच्याच वाफेचे पाणी तिच्यावर पडते आणि खालच्या दोन पोळ्या लिबलिबीत होतात. म्हणून आमच्याकडे एका मोठ्या टोपलीत सुती धोतराचे फडके अंथरलेले असते. पोळी आधी तिथे उलगडून पडते, तिची वाफ निघते, आणि पाच मिनिटांनी चार-चारची घडी करून ती डब्याच्या वरच्या खणात जाते. त्या पाच मिनिटांत पोळीचा दुपारचा मऊपणा ठरतो.

भातासाठी मी एचएमटी तांदूळ वापरते. हे वाण आपल्या विदर्भाचे आहे याचा मला अभिमान वाटतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने स्वतःच्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, त्यांचे बियाणे वर्षानुवर्षे जपून हे वाण तयार केले, आणि त्या काळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले. डब्याच्या दृष्टीने त्याचा गुण असा की दाणा बारीक असूनही भात निवल्यावर टणक होत नाही. मात्र तांदूळ जुना हवा. नवा तांदूळ घेतला तर डब्यात भाताचा गोळा होतो आणि तो चमच्याने कापावा लागतो.

आणि आता ती गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. २०२३ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मला एका नातेवाइकाच्या कामासाठी नऊ वाजता बाहेर जायचे होते, म्हणून मी वरण आणि भात सकाळी सातलाच करून झाकून ठेवले. परत येऊन साडेअकराला डबे भरले. वासाला काही कळले नाही. सव्वाला पहिला फोन आला, बँकेतल्या त्याच बाईंचा. त्या म्हणाल्या, "ताई, वरणाला आंबूस वास येतो आहे. रागावू नका, पण बाकीच्यांनाही सांगून ठेवा." मी तिथल्या तिथे सगळ्यांना फोन लावले. चार जणांनी तोवर वरण खाल्ले होते. सुदैवाने कोणाला त्रास झाला नाही, पण त्या संध्याकाळपर्यंत मी प्रत्येकाला दोनदा विचारले आणि रात्री मला झोप लागली नाही. त्या दिवसाचे पैसे मी सगळ्यांना परत केले, ज्यांनी नको म्हटले त्यांनाही.

त्यानंतर मी याविषयी वाचले आणि दोन गोष्टी मनात पक्क्या केल्या. शिजवलेले अन्न पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, तेव्हा स्वयंपाकघरात ठेवलेले कुठलेही पातेले तासन्‌तास नेमके त्याच पट्ट्यात राहते. भाताचे तर आणखी वेगळे आहे. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजे भात शिजवला तरी मरत नाहीत, भात कोमट राहिला की ती जागी होतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केले की भात पुन्हा गरम करूनही ते जात नाही. आपल्या आज्या सकाळचा भात उन्हाळ्यात रात्री ठेवू देत नसत, त्यामागे हेच होते.

तेव्हापासून माझ्याकडे स्वयंपाकाचा क्रम ठरला. आधी भाजी, मग पोळ्या, आणि वरण-भात सगळ्यात शेवटी, साडेदहा ते सव्वाअकरा यांमध्ये. अन्नाचे तापमान मोजायचे एक थर्मामीटर मी काही शे रुपयांत आणले आणि ते ओट्याजवळच्या खिळ्याला टांगलेले असते. वरण भरताना ते ऐंशीच्या वर असल्याशिवाय भरत नाही, आणि डबे उष्णता धरणाऱ्या जाड अस्तराच्या पिशव्यांतून जातात. एकदा मी स्वतः पोचवायला गेले आणि गायत्रीनगरला शेवटचा डबा देताना, बारा चाळीसला, त्या मुलाच्या परवानगीने वरणात थर्मामीटर बुडवून पाहिले. काटा त्रेसष्टवर होता. मला तिथेच रस्त्यावर हायसे वाटले. मार्चच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत ओले खोबरे, दह्याची कोशिंबीर आणि कढी माझ्या डब्यात नसते. त्या जागी जवसाची कोरडी चटणी, चिरलेला कांदा आणि कैरीचा टक्कू असतो, आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत वरणाऐवजी झुणका अधिक वेळा जातो. कोणी तक्रार केली तर मी कारण सांगते.

सरकारी नोंदणीला लोक उगीच घाबरतात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ नुसार घरातून डबे विकणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. मी केली तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असलेल्यांसाठी साधी नोंदणी होती आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. अर्ज घरबसल्या संगणकावर भरला, ओळखपत्र, फोटो आणि पत्त्याचा पुरावा जोडला, आणि चौदा अंकी क्रमांक मिळाला. तो माझ्या बिलावर छापलेला आहे. त्याच नियमांत स्वच्छतेचे जे परिशिष्ट आहे ते मात्र प्रत्येकीने नीट वाचावे. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, झाकलेला कचऱ्याचा डबा, पिण्यायोग्य पाणी, कच्चे आणि शिजवलेले वेगळे ठेवणे, हे सगळे त्यात आहे आणि त्यातले काहीही घरात अशक्य नाही. पोळ्यांच्या ताईंची तपासणी मी माझ्या खर्चाने करून घेते.

गॅसच्या बाबतीत मात्र मी सुरुवातीचे तीन महिने चुकीचे वागले, हे कबूल करते. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी असतो, आणि २००० सालच्या गॅस वितरण आदेशाप्रमाणे तो धंद्यासाठी वापरता येत नाही. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. तो महाग पडतो, आणि म्हणूनच बहुतेक जणी घरच्यावरच भागवतात. पण दर ठरवताना घरच्या सिलिंडरचा भाव धरला तर दर मुळातच खोटा बसतो. मी ऑक्टोबरमध्ये जो दर वाढवला त्यातले जवळपास पाच रुपये गॅसचे होते. आता एक सिलिंडर साधारण नऊ दिवस पुरतो.

डब्यांची भांडी हा खर्चाचा सगळ्यात मोठा पहिला घाव असतो. एका ग्राहकाला दोन डबे लागतात, एक त्याच्याकडे आणि एक आपल्याकडे, आणि दर दहामागे एक जादा ठेवावा लागतो, कारण डबे परत यायला उशीर होतो. मी तीन खणांचे स्टीलचे डबे इतवारीच्या बाजारातून घेतले. कोणता डबा कोणाचा हे कळावे म्हणून झाकणाखाली नखांच्या रंगाने आकडे घातले होते, ते तीन आठवड्यांत घासण्यात गेले आणि एका दिवशी मधुमेह असलेल्या शिक्षकांना दुसऱ्याचा गोड शिऱ्याचा डबा गेला. त्यांनी खाल्ला नाही, हसून परत पाठवला, पण मी दुसऱ्या दिवशी सगळे डबे पिशव्यांत भरून इतवारीला गेले. लग्नात भांडी देताना त्यावर नाव घालतात त्याच यंत्राने दुकानदार काकांनी प्रत्येक झाकणावर आणि प्रत्येक खणाच्या बुडाशी आकडा कोरून दिला. ते यंत्र पत्र्यावर फिरताना दातांना शिवशिवेल असा आवाज होतो. बासष्ट डब्यांना दोन तास लागले आणि त्या दोन तासांत काकांनी मला बजावले की कधीही पातळ पत्र्याचा डबा घेऊ नये, कडीजवळ तो आधी फाटतो. त्यांचे म्हणणे खरे ठरले. बाहेरून घेतलेले चार पातळ डबे वर्षभरात तिथेच फाटले.

पोचवण्याचे काम आमच्या शेजारचा एक मुलगा करतो. सकाळी त्याचे महाविद्यालय असते, पावणेबाराला तो येतो आणि एकच्या आत मोकळा होतो. डब्यामागे पंधरा रुपये, पेट्रोल त्याचे. खामला, पडोळे चौक, गायत्रीनगर आणि आयटी पार्क एवढाच आमचा परिसर आहे, आणि चार किलोमीटरच्या पलीकडे मी डबा देत नाही. हा नियमही अनुभवातून आला. डिसेंबर २०२३ मध्ये सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयातून सात डब्यांची मागणी आली आणि मी हो म्हटले. पहिला आठवडा बरा गेला. मग विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले. अधिवेशनाच्या काळात तिकडचे रस्ते मोर्च्यांसाठी आणि बंदोबस्तासाठी अडवलेले असतात हे नागपूरच्या माणसाला कोणी सांगायला नको, तरी माझ्या ते ध्यानात आले नाही. एका दिवशी सात डबे सव्वादोनला पोचले, आणि तो मुलगा परत येईपर्यंत अडीच वाजले. ती माणसे चांगली होती, काही बोलली नाहीत. मीच महिनाअखेरीस त्यांना नम्रपणे नाही म्हटले.

आठवड्याचा बेत मी शनिवारी रात्री ठरवते आणि तो रविवारी सगळ्यांना कळवते. बुधवारी पातोडीचा रस्सा ठरलेला असतो. त्यात बेसनाची पातोडी रश्शात किती वेळ मुरली पाहिजे याचा माझा स्वतःचा अंदाज आहे: डबा उघडेपर्यंत दीड तास मुरणार हे धरून पातोडी थोडी घट्ट थापायची आणि वेगळ्या खणात न देता रश्शातच सोडायची. शनिवारी गोळाभात, वरून हिंग-मोहरीची फोडणी आणि सोबत चिंचेचे सार. थंडीत बाजारात तुरीच्या शेंगा आल्या की सोलेभात आणि सोल्यांची आमटी, आणि सांबार स्वस्त झाला की महिन्यातून दोनदा सांबारवडी. पुण्याहून आलेल्या एका मुलीने पहिल्यांदा यादीत सांबारवडी वाचून मला विचारले होते की इडलीबरोबरचे सांबार वडीत कसे घालतात. तिला कोथिंबिरीचे आमच्याकडचे नाव सांगावे लागले. ढेमसे मात्र नव्या मुलांना आवडत नाहीत. मी ते पंधरवड्यातून एकदाच करते, आणि त्या दिवशी शिक्षकांचा निरोप हमखास येतो की भाजी थोडी जास्त द्या. भाजी मी खामल्याच्या बाजारातून रोजच्या रोज आणते, कांदे-बटाटे आणि लसूण तेवढे आठवड्याचे एकदम घेते. कळमन्याचा घाऊक भाव कमी असतो, पण तिथवर जाण्यायेण्याचा वेळ तासांच्या रकान्यात लिहिला की तो परवडत नाही हे लगेच दिसते.

आजचा हिशेब असा आहे. दर शंभर रुपये. त्यात किराणा आणि भाजीचे छत्तीस, गॅसचे सहा, पोळ्यांचे दहा, पोचवण्याचे पंधरा, आणि साबण, वीज, भांड्यांची झीज वगैरेंचे पाच. हे झाले बहात्तर. डब्यामागे अठ्ठावीस उरतात, चौतीस डब्यांचे ९५२. बाजार, स्वयंपाक, भरणे आणि लिहिणे मिळून माझे साडेसहा तास जातात. तासाला साधारण १४६ रुपये. खाड्यांच्या दिवशी हा आकडा उतरतो, तरी तो एकोणीसवर पुन्हा गेलेला नाही. तासांचा रकाना आता सासूबाईच भरतात. त्या दुपारी वही मागून घेतात, घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "आज पावणेसात झाले गं तुझे."

गेल्या महिन्यात आयटी पार्कातल्या एका कंपनीकडून एकदम पंधरा डब्यांचे विचारणे आले. दोन दिवस मी गणित मांडून पाहिले. दोन तवे, चार शेगड्या, एका मुलाच्या गाडीला लागणाऱ्या दोन पिशव्या आणि साडेदहाच्या पुढेच शिजवायचे वरण-भात, यांत एकोणपन्नास डबे बसत नाहीत. बसवायचे तर वरण पुन्हा सातला लावावे लागले असते. मी त्यांना मानेवाड्यातल्या माझ्या एका मैत्रिणीचे नाव सुचवणार होते, पण अंतर फार होते. तिने स्वतःचे काम जूनमध्ये तिच्याच भागात सुरू केले आहे, आठ डब्यांवर, नव्वद रुपये दराने. परवा ती पहिल्या महिन्याची वही घेऊन आली होती. तिने तासांचा रकाना पहिल्या दिवसापासून आखला होता आणि शेवटच्या पानावर भागाकार करून ठेवला होता: तासाला एक्केचाळीस रुपये.